मला शेती आहे, माझ्याकडे पैसे आहेत

गेल्या वर्षी माझ्याकडे एक अगदी किरकोळ काम आलं. आमची टीम बचत-गुंतवणुकीचं एक ॲप बनवते. त्यात ग्राहकांचे गट पाडलेले असतात: मास, इमर्जिंग ॲफ्लुएंट, ॲफ्लुएंट आणि वेल्दी. बँकांच्या जगात हे शब्द रोजचे आहेत. ॲपची मराठी आवृत्ती निघणार होती, म्हणून ही सगळी फाइल बाहेरून भाषांतर करून आणली होती. चाचणी करताना स्क्रीनवर ओळीनं दिसलं: सामान्य, होतकरू श्रीमंत, श्रीमंत, श्रीमंत.

दोन बटणांना एकच नाव. टीममध्ये मराठी मी एकटीच, त्यामुळे बग माझ्या नावावर पडला. मॅनेजर दिल्लीचा. त्याने सरळ विचारलं, "पण दोन्हींत फरक काय आहे? पैसेवालेच ना दोघं?" तिकिटावर त्याने कामाचा अंदाज टाकला, एक तास.

मी आधी इंग्रजी शब्दांकडे पाहिलं. शब्दाचं मूळ शोधलं की अर्थ सापडतो असं नाही, पण निदान तो कुठून चालत आला ते तरी कळतं. 'रिच' हा शब्द मुळात पैशाचा नाहीच, सत्तेचा आहे. तो आणि आपला 'राजा' एकाच धातूतून आलेले लांबचे भाऊ आहेत. जुन्या इंग्रजीत रिच म्हणजे बलवान, ज्याची हुकमत चालते असा. पैसा नंतर आला. म्हणूनच की काय, हा शब्द अजूनही जरा उघडा आणि जोरकस वाटतो. सभ्य इंग्रज माणूस स्वतःला रिच म्हणत नाही, दुसऱ्याला म्हणतो.

'वेल्थ' म्हणजे बरं असणं. 'वेल' म्हणजे बरं, त्यापासून 'हेल्थ'च्या चालीवर तयार झालेला हा शब्द. आज त्याचा अर्थ साठा असा झालाय. महिन्याला किती येतं यापेक्षा सगळं मोजून, देणी वजा करून मागे किती उरतं, ते. एखादा क्रिकेटपटू एका लिलावात रिच होतो. वेल्दी व्हायला बहुतेक वेळा एक पिढी लागते. 'वेल-ऑफ' आणि 'कम्फर्टेबल' ही पैशाबद्दल बोलायचं टाळून पैशाबद्दल बोलण्याची सोय. 'लोडेड' मित्रांमध्ये म्हणायचा, मागे.

आणि 'ॲफ्लुएंट'. याने मला अडवलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, 'कडे वाहत येणारं'. जुन्या भूगोलाच्या इंग्रजीत उपनदीलाही ॲफ्लुएंट म्हणत. म्हणजे कराडला कृष्णेला मिळणारी कोयना ही ॲफ्लुएंट. सांगलीजवळ हरिपूरला मिळणारी वारणाही ॲफ्लुएंट. ज्याच्याकडे वाहत येतं तो. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि आईला फोन लावला, कारण या शब्दाचा मराठी अर्थ मला माहीत होता. मी त्यातच वाढले होते.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. साडेचार एकर बागायत. आईचं माहेर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, मायणीच्या पुढे. बारा एकर, पण सगळी जिरायत. गाडीने जायला दोन तास लागत नाहीत, पण वाटेत ऊस संपतो, मग ज्वारी लागते, मग नुसतंच माळरान. लहानपणी सुट्टीला जाताना मला वाटायचं, ऊस संपतो तिथे आमचं राज्य संपतं.

"आई, ज्याच्याकडे चांगला पैसा आहे, अशा माणसाला काय म्हणशील?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? कुणालाही."

"अगं, कुणाबद्दल बोलतीयस त्यावर हाय ते."

आणि मग तिने जी यादी सांगितली ती कुठल्याच कोशात त्या क्रमाने मिळणार नाही. पाटलांचं घर म्हणजे 'मोठं घर', मग तिथे आता काही का उरलेलं असेना. मळ्यातले काका 'बागायतदार'. शाळेतले निवृत्त हेडमास्तर 'खाऊनपिऊन सुखी'. बसस्टँडवर दुकानांचे गाळे बांधणारा 'गब्बर'. जमिनी घेत सुटलेला एक जण 'धनदांडगा', आणि हे म्हणताना तिने आवाज खाली घेतला, घरात असूनही. 'गडगंज' म्हणजे ज्याला आपण पाहिलेलं नाही असा. 'मातब्बर' म्हणजे ज्याच्या शब्दावर उधार मिळतं. हे तिने आपल्या अनुभवाने सांगितलं, पण शब्दाचं मूळही तेच आहे, अरबीत त्याचा अर्थ विश्वासार्ह.

"आणि श्रीमंत?"

"श्रीमंत काय, ते साताऱ्याला," ती हसली.

ती बरोबर होती. आमच्या दोन जिल्ह्यांत 'श्रीमंत' हा पैशाचा शब्द नंतर झाला, आधी तो किताब आहे. श्री म्हणजे लक्ष्मी, आणि ती जिच्यापाशी आहे ते श्रीमंत. पण पेशव्यांना श्रीमंत म्हणत, साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाआधी श्रीमंत, फलटणच्या निंबाळकरांच्या नावाआधी श्रीमंत, सांगलीच्या पटवर्धनांच्या नावाआधी श्रीमंत. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी 1848 मध्ये वारस नसल्याचं कारण देऊन खालसा केलं. राज्य गेलं, शब्द राहिला. चौकातल्या फ्लेक्सवर तो आजही आहे. मामाच्या गावापासून जवळ औंध आहे. तिथले श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये आपल्या संस्थानाला राज्यघटना दिली आणि कारभार गावोगावच्या पंचायतींच्या हाती सोपवला. स्वतःकडची सत्ता देऊन टाकली, तरी लोकांनी त्यांचं 'श्रीमंत' काढून घेतलं नाही. ते त्यांच्याकडे नव्हतंच, ते त्यांना होतं.

हे वाक्य लिहिताना माझी मलाच गंमत वाटली, पण त्याकडे मी नंतर येते.

मामाला मात्र 'श्रीमंत' कोणी म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. तो कायम 'पैसेवाला'.

आमच्या भागाबाहेरच्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं देशभर गलाईचा धंदा करतात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. केरळपासून काश्मीरपर्यंत सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत जा, अरुंद दुकानात भट्टीपुढे बसलेला माणूस मराठीत फोनवर बोलताना सापडेल आणि गाव विचारलं तर विट्याच्या आसपासचं निघेल. आईचे वडील 1972 च्या दुष्काळानंतर असेच एका गाववाल्याचं बोट धरून कोइमतूरला गेले. मुशीत सोनं वितळवायचं, ॲसिडमध्ये तांबं-चांदी वेगळी करायची, टंच काढायचा, लगड पाडून द्यायची. मजुरी थोडी, पण रोजची. मामा सोळाव्या वर्षी तिथे गेला. आता त्याची स्वतःची दोन दुकानं आहेत. गावाकडे बंगला आहे, त्याला वर्षातले अकरा महिने कुलूप असतं. यात्रेला उघडतो. बोटांची टोकं ॲसिडने पिवळी आहेत, ती कधीच उघडत नाहीत.

2015 मध्ये मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी 95 हजार होती. आमचा ऊस उभा होता, पण उभा ऊस फी भरत नाही. तो कारखान्याला जाणार, मग बिल निघणार, त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी कापून जाणार, आणि उरलेलं हप्त्यांनी येणार. पप्पांनी अर्धा एकर गहाण टाकायचं मनात आणलं होतं. आजीने एका वाक्यात विषय संपवला: पोरीच्या शिक्षणासाठी शेताला हात लावायचा नाही. पोरगा असता तर काय म्हणाली असती, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मामाने पैसे पाठवले. चारही वर्षं पाठवले. कधी हिशेब विचारला नाही. एकदाच म्हणाला, "आमच्यात कुणी इंजिनिअर न्हाय, तेवढी हो."

शेवटच्या परीक्षा संपल्या तो 2019 चा पावसाळा. ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगली पाण्यात गेली, आमचं गावही गेलं. त्या आधी लहानपणी घरात एक म्हण ऐकायचे, अमक्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरते. त्या आठवड्यात पाणी स्वतःच घरात भरलं. बागायतदार, मोठं घर, खाऊनपिऊन सुखी, सगळे एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जनावरं सोडून दिलेली. वाहत येणाऱ्याकडे ॲफ्लुएंट म्हणून पाहायचं तर त्या दिवसांत आमच्याएवढं ॲफ्लुएंट कोणी नव्हतं.

पाणी ओसरल्यावर पहिला टेम्पो आला तो मामाच्या गावचा. कडब्याच्या पेंढ्या, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, चादरी. मामाने कोइमतूरहून फोनवर पोरं जमवली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या होत्या, माणसं जनावरांसकट छावणीत राहत होती. तीच माणसं तीन महिन्यांनी आम्हाला कडबा आणि पाणी घेऊन आली. पप्पा टेम्पोपाशी उभे होते. काही बोलले नाहीत, पेंढ्या उतरवत राहिले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते.

2022 मध्ये मामाच्या मुलीसाठी, माझ्याच वयाच्या, एक स्थळ आमच्या ओळखीतून पुढे आलं. मुलगा कृष्णाकाठचा, पप्पांच्या लांबच्या नात्यातला. बोलणी आमच्या घरी होती. मामा-मामी आले नव्हते, आधी नुसती चाचपणी. मी सुट्टी काढून आले होते. चहा झाला. मुलाच्या चुलत्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले,

"पैसा हाय हो त्यांच्याकडं, न्हाय म्हणत न्हाय. पण त्यास्नी शेती कुठं हाय?"

आई म्हणाली, "बारा एकर आहे की."

"जिरायत," ते म्हणाले. पुढे काही म्हणायची गरज नव्हती. मग माझ्याकडे पाहून कौतुकाने, "हिला किती पगार हाय आता?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली. पप्पा गप्प होते. आई गप्प झाली. मीही गप्प बसले. ज्या पैशावर मी शिकले, ज्या शिक्षणावर तो पगार आला, तो पैसा त्या खोलीत हलका ठरला होता आणि माझा पगार जड. मी रिकामे कप उचलून आत नेले.

रात्री आईने मामाला फोन केला. "काय म्हणाले पावणं?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "पत्रिका जमंना झालीय." मी शेजारी बसले होते.

तिकिटावर काम करताना, दोन वर्षांनी, ते वाक्य माझ्यापुढे पुन्हा उभं राहिलं. त्यांच्याकडं पैसा. त्यास्नी शेती. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद लागतं. भाऊ असो, ताप असो, पैसा असो, जमीन असो, सगळं 'हॅव'. म्हणून इंग्रजीला इतके वेगवेगळे शब्द लागत असतील, फरक तिथे करावा लागतो. मराठीत तो फरक आधीच, एका प्रत्ययात होऊन गेलेला असतो. मला दोन भाऊ आहेत. मला शेती आहे. पण माझ्याकडे पैसे आहेत. 'मला पैसे आहेत' असं मराठी माणूस म्हणत नाही. जे रक्ताचं, मुरलेलं, आपल्याला चिकटलेलं, त्याला 'ला'. जे आज इथे आहे, उद्या दुसरीकडे जाईल, त्याला 'कडे'. पैसा गाठीला असतो, पदरी असतो, हाताशी असतो, खिशात असतो. सगळी ठेवायची ठिकाणं. आणि कर्ज? ते 'वर' असतं. आमच्यावर कर्ज आहे. आमच्या साडेचार एकरांवर सोसायटीचं कर्ज होतं, मामावर एक रुपयाही नव्हता. बँकेच्या भाषेत आमच्या दोन घरांपैकी वेल्दी कोण, हे कुठल्याही शिकाऊ पोराने सांगितलं असतं. चहाच्या बैठकीत उलट ठरलं.

हा प्रत्यय उगाच आलेला नाही. जमीन पळून जात नाही, पैसा जातो, हे आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिलेलं आहे. पण मग मी पगाराचं काय म्हणतो ते पाहिलं. हिला किती पगार आहे. त्यांना पेन्शन आहे. 'हिच्याकडे पगार आहे' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे आमच्या भाषेने पगाराला जमिनीच्या रांगेत बसवलंय. सरकारी नोकरीच्या काळात ते खरंही असेल. माझा पगार मात्र एका ईमेलवर जाऊ शकतो. माझ्याबरोबर लागलेल्या दोघांचा गेला, सकाळी लॅपटॉप लॉगिन होईना, तेव्हा त्यांना कळलं. मामाची भट्टी त्याच्या बापापासून, जवळजवळ पन्नास वर्षं, रोज सकाळी पेटते. तरी माझं 'मला', आणि त्याचं 'त्याच्याकडे'.

आणि जमिनीचं तरी काय? बागायत ही जमिनीची जात नाही, तिला पाणी मिळालं इतकंच. नदी आमच्या दारातून गेली, त्यात आमचं कर्तृत्व काय? हे आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाला कळलं होतं. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, ज्यांनी तिथे साखर कारखाना उभा केला, त्यांनी नव्वदच्या दशकात आटपाडीला पाणी परिषद भरवायला सुरुवात केली आणि कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून चळवळ उभी केली. मागणी नुसती पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. कुणाला किती एकर हे न पाहता प्रत्येक कुटुंबाला सारखं पाणी. आज टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि ते आटपाडीपर्यंत जातं. जिथे फक्त गलाईचे पैसे होते, तिथे डाळिंब आलं. 'जिरायत' म्हणून बशी खाली ठेवणाऱ्यांचा शब्द एका पंपहाउसने बदलतो, एवढाच तो टिकाऊ असतो.

सोनं आणि जमीन, दोन्हींची प्रत सांगायला मराठीत एकच शब्द आहे, कस. कसदार जमीन, कसाचं सोनं. मामा आयुष्यभर दुसऱ्याच्या सोन्याचा कस काढत आला. त्याचा कस चहाच्या एका कपात काढला गेला, आणि मी तिथे होते.

कामाचं काय झालं, ते सांगते. मी तिकिटावर लिहिलं की मराठीत या चार गटांना चार शब्द आहेत, चाळीससुद्धा देता येतील, पण त्यातला एकही शब्द अनोळखी माणसाला तोंडावर म्हणता येत नाही. म्हटला तर एक तर तो खुशामत असतो नाहीतर टोमणा. तेव्हा माणसाला नाव देऊ नका, रकमेला द्या. बटणांवर आता शिल्लक दिसते, अमुक ते अमुक लाख. वर एक ओळ आहे: 'तुमच्याकडे असलेली शिल्लक'. मॅनेजरला ते आवडलं, त्याने इंग्रजीतही तसंच केलं. तासाचं काम पंधरा दिवस चाललं होतं.

त्या रात्री मी मामाला फोन केला. दुकान बंद करून तो पायी घरी निघाला होता, मागे गाड्यांचे आवाज येत होते. मी म्हटलं, "मामा, त्या स्थळाचं पत्रिकेमुळे मोडलं नव्हतं."

"मग?"

मी सांगितलं. ते वाक्य जसंच्या तसं. मी गप्प बसले, हेही सांगितलं.

तो थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "मला तवाच कळलं हुतं. आम्ही पत्रिका दिलीच कुठं हुती?"

मला काही सुचेना. आई खोटं बोलली, ते त्याला दोन वर्षं माहीत होतं, आणि त्याने ते तिला कळू दिलं नव्हतं.

"पोरगी बरी हाय की आता," तो म्हणाला. ती कोइमतूरला सीए करते, दुकानांचे हिशेब तीच बघते. "आणि तुला वाईट वाटू दे न्हाय. तू बोलली असतीस तर तुझ्या आईला त्या घरात जड गेलं असतं."

मी म्हटलं, "मामा, फीचे पैसे मला परत करायचेत. हप्त्यांनी."

तो हसला. "कशाला? तुला काय कमी पडलं व्हय?"

"नाही, पैसे आहेत माझ्याकडे."

"मग असू दे तुझ्याकडं," मामा म्हणाला. "मला भाची हाय."

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, तो 'मला' म्हणाला होता.